पाळणा लांबवायचाय, मग पद्धत कशी निवडाल?

लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रात गर्दी असते. बाळांना लस टोचून होते, रडारड थांबते, बायका पांगतात आणि एखादी मागे रेंगाळते. दाराकडे बघत हळूच विचारते, "सिस्टर, दुसऱ्याची घाई नाही मला. सगळ्यात चांगलं काय असतं ते सांगा ना."

आरोग्य सेविका म्हणून हा प्रश्न मी किती वेळा ऐकला त्याची गणती नाही. तरी उत्तर मी लगेच देत नाही, कारण सगळ्यांना चांगली अशी एक पद्धत नाहीच. मी उलट तिलाच विचारते, "दुसरं कधी हवंय? बाळ अंगावर पितंय का? बीपी, फिट्स, अर्धशिशी काही आहे का? रोज गोळी घ्यायची तर लक्षात राहील का?" एवढ्या बोलण्यात तिची पद्धत निम्मी ठरून जाते. हा लेख त्याच प्रश्नांच्या क्रमाने लिहिला आहे. नुकतं लग्न झालेल्यांसाठी, पहिलं मूल झालेल्यांसाठी, आणि 'आता पुरे' म्हणणाऱ्यांसाठीही.

पहिलं काम: घरी बसून चार गोष्टी ठरवा

किती काळ मूल नको आहे, हे आधी ठरवा. सहा महिने, तीन वर्षं आणि कायमचं, या तीन उत्तरांना तीन वेगळ्या पद्धती लागतात. बाळंतपणानंतर पुढच्या वेळी दिवस राहायच्या आधी किमान दोन वर्षं जावीत, म्हणजे आईचं रक्त भरून येतं आणि पहिल्या बाळालाही पुरेसं दूध मिळतं.

दुसरं, तुमची तब्येत. वाढलेला रक्तदाब, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ, काविळीचा किंवा लिव्हरचा आजार, स्तनाचा कॅन्सर, डोळ्यांपुढे चमकून येणारी अर्धशिशी यातलं काही असेल किंवा पूर्वी झालं असेल, तर कागदावर लिहून न्या. टीबीची किंवा फिट्सची औषधं चालू असतील तर तीही पिशवीत घालून न्या. त्यातल्या काही औषधांनी रोजच्या गर्भनिरोधक गोळीचा जोर कमी होतो आणि गोळी चुकली नसतानाही दिवस राहू शकतात.

तिसरं, लक्षात राहणं. आणि चौथं, घर. गोळ्यांचं पाकीट कुठे ठेवणार? नवरा निरोध वापरायला तयार आहे का? या प्रश्नांना लोक लाजतात, पण पद्धत मध्येच सुटते ती बहुतेक वेळा इथेच. जमलं तर दोघांनी मिळून केंद्रात या. नवरा सोबत आला की समजावणं सोपं जातं, आणि रक्तस्राव वाढला किंवा पाळी लांबली तर घरात घबराट होत नाही.

गर्भ राहतो कसा, थोडक्यात

पुढची पाळी यायच्या साधारण चौदा दिवस आधी बीजकोशातून एक बीज बाहेर पडतं. पुरुषाचे शुक्राणू बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणून धोक्याचे दिवस एक-दोन नसतात, जवळपास आठवडाभर असतात, आणि ते मागेपुढे होतात. दिवस मोजून राहायचं असेल तर पाळी न चुकता २६ ते ३२ दिवसांनी येणारी हवी, आणि पाळीच्या आठव्या ते एकोणिसाव्या दिवसापर्यंत संबंध टाळायला हवेत किंवा निरोध वापरायला हवा. बाळंतपणानंतर, किंवा पाळी कधी लवकर कधी उशिरा येत असेल, तर हा हिशेब धरू नका.

आता आकड्यांचं. काहीच न वापरणाऱ्या १०० जोडप्यांपैकी सुमारे ८५ जणींना वर्षभरात दिवस जातात. ऐनवेळी बाहेर काढण्यावर विसंबलं तर २०, निरोधवर १३, रोजच्या गोळीवर ७, इंजेक्शनवर ४. तांबीवर, म्हणजे कॉपर टीवर, हजारात आठ, बायकांच्या नसबंदीनंतर हजारात पाच आणि पुरुषांच्या नसबंदीनंतर हजारात एक किंवा दोन. हे आकडे रोजच्या आयुष्यातल्या चुका धरून काढलेले आहेत. विसरायला जिथे जागाच नाही, तिथे आकडा खाली येतो.

नवीन लग्न, किंवा थोड्याच महिन्यांचा प्रश्न

निरोध ही एकच वस्तू अशी आहे जी गर्भापासून आणि एचआयव्ही, गुप्तरोग यांपासूनही वाचवते. सरकारने १९६८ मध्ये हा 'निरोध' आणला आणि नाव इतकं रुजलं की आज कुठल्याही कंपनीच्या कंडोमला लोक निरोधच म्हणतात. आशाताईंकडे, उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात तो मोफत मिळतो.

निरोध फाटला म्हणून आलेल्यांची हकीकत ऐकली की कारणं ठरलेली असतात. पाकीट महिनोन्महिने खिशात किंवा गाडीच्या डिकीत तापलेलं. मुदत बघितलेली नाही. टोक चिमटून हवा काढलेली नाही. किंवा खोबरेल तेल, व्हॅसलिन लावलेलं. तेलाने रबर कमजोर होतं, पाण्यात विरघळणारं जेल मात्र चालतं. एकावर एक दोन चढवू नका. आणि सुरुवातीपासूनच लावा, शेवटच्या मिनिटाला नव्हे.

माला-एन ही रोजची गोळी. पाकिटात २८ गोळ्या असतात, २१ हार्मोनच्या आणि ७ लोहाच्या. लोहाच्या गोळ्या संपल्या की दुसऱ्याच दिवशी नवं पाकीट सुरू करायचं. पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरुवात करा. रात्री जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते, आणि तीही दोन-तीन महिन्यांत बहुतेकींची थांबते. एक गोळी विसरली तर आठवताक्षणी घ्या आणि त्या दिवसाची नेहमीच्या वेळी घ्या. लागोपाठ दोन किंवा जास्त विसरल्या तर गोळ्या चालू ठेवा, पण पुढचे सात दिवस निरोधही वापरा.

बाळ सहा महिन्यांच्या आतलं आणि अंगावर पिणारं असेल तर माला-एन घेऊ नका. पस्तिशी ओलांडलेली आणि तंबाखू ओढणारी बाई असेल, किंवा कुठल्याही वयाची रक्तदाब वाढलेली बाई असेल, तर तिनेही नाही. मिश्री लावण्याची सवय असेल तर तीही सांगा, लपवू नका. गोळी चालू असताना एका पोटरीत जोराचं दुखून सूज आली, छातीत दुखलं, धाप लागली, किंवा अचानक दिसेनासं झालं, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. असं क्वचितच होतं, पण ही लक्षणं पाठ असू द्या.

आठवड्याची गोळी: छाया

ही गोळी आपल्याच देशातली. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तिचा शोध लागला आणि १९९१ पासून 'सहेली' नावाने ती दुकानात मिळू लागली. सरकारी केंद्रात तीच 'छाया' नावाने मोफत मिळते. तिच्यात हार्मोन नाही, म्हणून अंगावर पाजणाऱ्या आईलाही बाळंतपणानंतर लगेच चालते.

गोंधळ होतो तो वेळापत्रकाचा. मी भिंतीवरचं कालनिर्णय काढायला सांगते आणि लाल पेन हातात देते. समजा पाळी रविवारी आली. पहिली गोळी त्याच रविवारी, दुसरी बुधवारी. मग पुढचे तीन महिने दर रविवारी आणि दर बुधवारी. तीन महिने झाले की बुधवार सोडायचा आणि फक्त रविवार धरायचा. मधे पाळी आली काय, लांबली काय, वार बदलायचा नाही. सोमवारी सुरुवात केली तर जोडीचा वार गुरुवार. तीन महिन्यांच्या सगळ्या वारांवर त्याच बैठकीत गोल करून घ्यायचे. एकदा एका मुलीच्या सासूनेच ते गोल केले आणि म्हणाली, "रविवारी मी उपास सोडते, मीच आठवण करीन." त्या घरात गोळी कधी चुकली नाही.

गोळी चुकलीच आणि सात दिवस उलटले नसतील, तर आठवताक्षणी घ्या, ठरलेले वार चालू ठेवा आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरा. सात दिवसांहून जास्त गेले तर पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे आठवड्यातून दोन वार. छायावर काहींची पाळी लांबते. ठरलेल्या तारखेनंतर पंधरा दिवस गेले तर लघवीची तपासणी करून घ्या. बीजकोशात गाठी म्हणजे पीसीओडी असेल किंवा नुकतीच कावीळ होऊन गेली असेल, तर ही गोळी आधी डॉक्टरांना विचारूनच घ्या.

तीन महिन्यांचं इंजेक्शन: अंतरा

दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन. घरात पाकीट नाही, रोजची आठवण नाही. ज्या बाईला घरात कुणाला कळू द्यायचं नसतं, ती बहुधा हेच निवडते आणि तो तिचा हक्क आहे. २०१७ पासून ते सरकारी केंद्रांत मिळतं. अंगावर पाजत असाल तर बाळ सहा आठवड्यांचं झाल्यावर घेता येतं.

दोन गोष्टी मी सुई भरण्याआधी सांगते. पाळी बिघडणार. आधी थोडं थोडं अंगावर जाईल, नंतर कदाचित पाळी यायचीच थांबेल. थांबलेलं रक्त पोटात साठत नाही आणि त्याने कसला रोग होत नाही. गर्भपिशवीचं अस्तर पातळ राहतं म्हणून झडायला काही नसतं, इतकंच. हे आधी कळलेली बाई टिकते, न कळलेली दुसऱ्या इंजेक्शनला येत नाही. दुसरं असं की इंजेक्शन थांबवल्यावर दिवस राहायला वेळ लागतो, शेवटच्या इंजेक्शनपासून साधारण सात ते दहा महिने. सहा महिन्यांनी मूल हवं असलेल्या जोडप्याने अंतरा घेऊ नये. सुई टोचलेली जागा चोळायची नाही आणि शेकायचीही नाही, नाहीतर औषध लवकर उतरतं.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांसाठी थोडं वेगळं. बीडकडच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. ५ नोव्हेंबरला इंजेक्शन घेऊन गेलेल्या बाईचं पुढचं ५ फेब्रुवारीला, म्हणजे ती फडावर असताना. तारखेच्या दोन आठवडे आधीपासून चार आठवडे नंतरपर्यंत ते घेता येतं, म्हणजे २२ जानेवारी ते ५ मार्च. अंतराचं कार्ड सोबत न्या. कारखान्याजवळच्या कुठल्याही आरोग्य केंद्रात ते दाखवून पुढचं इंजेक्शन मागता येतं. ती धावपळ जमणार नसेल तर निघण्याआधी तांबीचा विचार करा.

आणि एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. पिशवी काढणं हे गर्भनिरोधन नाही. ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये राज्यभर गाजलं, सरकारला समिती नेमावी लागली. पाळीचा त्रास नको आणि मूलही नको, म्हणून तिशीच्या आत कुणी पिशवी काढायला सांगत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सही करू नका.

तांबी: पाच वर्षं किंवा दहा वर्षं

कॉपर टीला आपल्याकडे तांबी म्हणतात. मी नमुन्याची तांबी बाईच्या तळहातावर ठेवते. साडेतीन सेंटीमीटर उंचीचा, इंग्रजी टी अक्षरासारखा प्लॅस्टिकचा मऊ तुकडा, दांडीभोवती तांब्याची बारीक तार, खाली दोन दोरे. "एवढीशीच?" हा उद्गार ठरलेला. मग मी तिचे हात वाकवून दाखवते, ते मिटतात आणि सोडले की उघडतात. पिशवीत ती तशीच उघडून बसते. भीती असते ती "वर चढून काळजाला लागते" याची. पिशवी बंद असते, तिथून काळजाकडे जायला रस्ता नाही. बसवताना पिशवीला इजा होणं अगदी दुर्मीळ आहे आणि ते टाळायलाच प्रशिक्षित हात लागतो.

सरकारी केंद्रात दोन प्रकार मिळतात, ३८० ए दहा वर्षांची आणि ३७५ पाच वर्षांची. बसवल्या क्षणापासून काम सुरू. काढली की पुढच्याच महिन्यात दिवस राहू शकतात. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत बसवता येते, नाहीतर सहा आठवड्यांनी.

त्रास सांगते. पहिले तीन ते सहा महिने पाळीत रक्त जास्त जातं आणि पोटात कळा येतात. ज्यांना मुळातच पाळी भरपूर जाते किंवा अंगात रक्त कमी आहे, त्यांनी हे आधी बोलावं. खासगी डॉक्टरांकडे हार्मोनची 'मिरेना' मिळते, तिने उलट रक्तस्राव कमी होतो, पण ती महाग पडते. ओटीपोटात जंतुसंसर्ग असेल किंवा कारण न कळता अंगावर जात असेल, तर आधी ते तपासून घ्यायचं.

माझ्या वहिनीच्या बाळंतपणात एका दवाखान्यात तांबी बसवली आणि तिला सांगितलंच नाही. चार महिने ती रक्तस्रावाला घाबरत होती, अंगारे-धुपारेही झाले. सोनोग्राफीत तांबी दिसली तेव्हा ती रडली. तांबी तिला कदाचित मानवलीही असती, पण न विचारता बसवलेली वस्तू तिने त्याच आठवड्यात काढून टाकली. म्हणून बाळंतपणाला जातानाच सांगून ठेवा, हवी असेल तर हवी म्हणून, नको असेल तर नको म्हणून. आणि डिस्चार्जच्या कागदावर काय लिहिलंय ते कुणाकडून तरी वाचून घ्या.

बसवल्यावर पहिल्या पाळीनंतर आणि मग तीन महिन्यांनी दाखवायला या. पाळी संपल्यावर बोटाने दोरे लागतात का ते अधूनमधून बघा. दोरे लागेनात, ताप आला, घाण वासाचं पांढरं जाऊ लागलं, पाळी चुकली, यातलं काहीही झालं तर तारखेची वाट न बघता या.

अंगावर पाजणं पुरतं का?

पुरतं, पण तीन अटींवर. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, दिवसरात्र फक्त आईच्या दुधावर, आणि पाळी परत आलेली नाही. वरचं दूध, पाणी किंवा पेज सुरू झाली की अट मोडली. पाळी यायच्या आधीच बीज सुटू शकतं, म्हणून "पाळीच नाही तर दिवस कसे राहतील" यावर राहू नका. गर्भपातानंतर तर दहा-चौदा दिवसांतच पुन्हा दिवस राहू शकतात.

आता मूल नकोच: नसबंदी

२०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्के जणींनी नसबंदी केलेली आढळली. पुरुषांची नसबंदी ०.३ टक्के. दोन्ही शस्त्रक्रिया समोरासमोर ठेवल्या की हा फरक मला टोचतो.

बाईच्या ऑपरेशनमध्ये पोट उघडावं लागतं, छोट्या चिरेने किंवा दुर्बिणीतून. पुरुषाच्या बिनटाक्याच्या नसबंदीत अंडकोषाच्या कातडीला सुन्न करून एक बारीक छिद्र पाडतात आणि त्यातून दोन्ही बाजूंच्या वीर्यनलिका बांधतात. टाका नाही, त्याच दिवशी घरी. लंगोट किंवा घट्ट चड्डी वापरायची, दोन दिवसांनी साधं काम करता येतं, सायकल आठवड्यानंतर. वृषण जागच्या जागी राहतात, हार्मोन तेवढंच बनतं, म्हणून ताकद, दाढी-मिशा, संबंधाची इच्छा यात काही बदल होत नाही. १९७६ च्या, आणीबाणीतल्या सक्तीच्या आठवणींनी घराघरांत जी भीती बसली ती अजून निघालेली नाही. ती सक्ती चूक होती. ही शस्त्रक्रिया मात्र सोपी आहे.

एक अट विसरू नका. पुरुष नसबंदीनंतर तीन महिने निरोध वापरायचाच, कारण पुढच्या नळीत आधीचे शुक्राणू शिल्लक असतात. तीन महिन्यांनी वीर्य तपासून "शुक्राणू नाहीत" असा रिपोर्ट आला की मगच मोकळीक. हे न पाळल्यामुळे दिवस राहिले आणि बायकोवर संशय घेतला गेला, अशी घरं मी पाहिली आहेत.

बाईची नसबंदी बाळंतपणानंतर सात दिवसांच्या आत किंवा सहा आठवड्यांनंतर करतात. सरकारी नियमांप्रमाणे बाईचं वय २२ ते ४९ आणि किमान एक मूल एक वर्षाहून मोठं हवं. जोडीदाराची सही लागत नाही, स्वतःची लागते. नळ्या पुन्हा जोडता येतात, पण यशाची खात्री नसते, म्हणून मनात किंचित शंका असेल तर तांबी बसवा आणि थांबा. ऑपरेशननंतर कधी पाळी चुकली तर उशीर न करता केंद्रात जा, कारण नसबंदी फसली तर भरपाईचा अर्ज मुदतीत द्यावा लागतो.

चुकलं, फाटलं, विसरलं तर

इझी पिल किंवा तशीच दुसरी तातडीची गोळी ७२ तासांच्या आत घ्या, जितकी लवकर तितकी चांगली. ती बीज सुटणं लांबवते. गर्भ राहिला असेल तर पाडत नाही. महिन्यातून दोनतीनदा ती घेण्याची वेळ येत असेल तर नेहमीच्या पद्धतीचा विचार करायला हवा. पाळी आठवडाभराहून लांबली तर लघवी तपासा. पाच दिवसांच्या आत तांबी बसवली तर ती तातडीच्या गोळीपेक्षाही जास्त खात्रीची, आणि पुढची वर्षंही झाकली जातात.

तरीही दिवस गेले तर घरगुती काढे, पपई, दुकानातून आणलेल्या गोळ्या यांच्या वाटेला जाऊ नका. गर्भपात कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर, साधन फसल्यामुळे राहिलेला गर्भ बाईला, ती विवाहित असो वा नसो, २० आठवड्यांपर्यंत कायदेशीरपणे काढून घेता येतो. मान्यता असलेल्या केंद्रातच जा.

केंद्रात गेल्यावर

शेवटच्या पाळीची तारीख सांगा. पाळी सुरू असताना किंवा नुकती संपली असताना गेलात तर गर्भ नसल्याची खात्री लवकर होते आणि त्याच दिवशी पद्धत सुरू करता येते. रक्तदाब मोजून घ्या. नमुने हातात घेऊन बघा. मग विचारा: त्रास काय होईल, किती दिवस राहील, बंद कशी करायची, पुढची तारीख कोणती. उत्तर न देता कुणी एकच पद्धत गळ्यात मारत असेल तर "विचार करून सांगते" म्हणून उठायला संकोच करू नका.

लाज वाटते, मला माहीत आहे. मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये संततिनियमनाचं केंद्र उघडलं, त्यापायी प्राध्यापकी सोडली आणि आयुष्यभर लोकांची निंदा ऐकली. आज तेच साधन आशाताई दारात आणून देते, तेव्हा तिला आत बोलावून निवांत विचारा.

पद्धत मानवली नाही तर बदला, पण मध्ये मोकळे दिवस सोडू नका. गोळीवरून तांबीवर जायचं असेल तर पाकीट संपण्याआधीच तांबी बसवून घ्या. इंजेक्शन थांबवायचं असेल तर पुढची तारीख यायच्या आत दुसरं काही सुरू करा. आणि तांबी काढायला याल तेव्हा पुढची पद्धत त्याच भेटीत सोबत घेऊन जा.